भरदुपारचा पुकारा

"कुणी 'दार जरा ओढून घ्या' म्हणालं की ओढायचं नाही. तो कितीही मोठा असो."

माझ्या आधी या खुर्चीत बसणारे लघुलेखक निवृत्त होताना मला एवढंच सांगून गेले. मी "बरं" म्हटलं आणि विसरले. मुलगी नुकती रांगायला लागली होती. पाळणाघर कधी बंद होतं याशिवाय तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "म्हाताऱ्याला उकडत असेल."

मी न्यायाधीश बाईंची लघुलेखिका. कोर्टात त्या सांगतील ते टिपायचं, मग त्यांच्या मागच्या खोलीत बसून टाइप करायचं. काम तसं शांत. घाबरट माणसाला बरं.

त्या दिवशी मात्र सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. प्रकरण एका बस ड्रायव्हरचं होतं. ब्रेक लागत नाहीत अशी बस मी रस्त्यावर काढणार नाही, असं त्याने डेपोच्या फाटकात उभं राहून सांगितलं. बाकीच्यांनीही किल्ल्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी पोलीस त्याला घरातून घेऊन गेले. कायदा साधा आहे. कुणाला पकडलं तर लगोलग न्यायाधीशापुढे उभं करायचं आणि का पकडलं ते सांगायचं. याला कुणी उभंच केलं नव्हतं. त्याच्या बायकोने अर्ज केला, आणि बाईंनी सकाळी सरकारी वकिलांना बजावलं, "दुपारी माणूस हजर करा."

बायको व्हरांड्यातल्या बाकावर बसून होती. मांडीवर नवऱ्याचा धुतलेला शर्ट. सारख्या त्याच्या घड्या मोडायच्या, सारख्या घालायच्या.

जेवणाच्या सुट्टीत मंत्र्यांचे सचिव आले. चिठ्ठी नाही, काही नाही, सरळ आत. बाई डबा उघडत होत्या, मी कोपऱ्यात टाइप करत होते.

"चालू दे, जेवा तुम्ही," सचिव म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, "दार जरा ओढून घ्या. आणि तुम्हीही बाहेर थांबा."

मी उठले. हात दारापाशी गेलाही. तेवढ्यात ते म्हणाले, "तुमची मुलगी समोरच्या पाळणाघरात असते ना? छान आहे. जागा सरकारी आहे ती."

धमकी होती ती, मला कळली. पण भीती वाटली की मला दारं उघडी लागतात. मुलगी झोपली तरी मी तिच्या खोलीचं दार लावत नाही. श्वास ऐकू आला पाहिजे. शौर्य वगैरे काही नव्हतं. हात पुढे सरकेचना.

"लागत नाही साहेब ते," मी म्हटलं. "फुगलंय."

"ऐन उन्हाळ्यात?"

"सरकारी बांधकाम आहे, साहेब."

बाईंना ठसका लागला. पाणी पिऊन त्या मला म्हणाल्या, "बसा तुम्ही जागेवर." आणि सचिवांना, "बोला."

"ड्रायव्हरचं म्हणत होतो. दोन आठवड्यांनी ठेवा. वरून तसा निरोप आहे."

"वरून?" बाईंनी छताकडे पाहिलं. "वर गच्ची आहे. तिथे पाण्याची टाकी, बाकी काही नाही."

"मॅडम, थट्टेचा विषय नाही हा. संप चिघळला तर शहर बंद पडेल. सरकारला शहर चालवायचंय."

"जरूर चालवा. हे म्हणणं कोर्टाने ऐकावं असं वाटतं ना तुम्हाला?"

"अर्थात."

"मग ऐकायलाच हवं." बाईंनी डबा झाकला आणि हाक मारली, "काका, पुकारा करा."

काका म्हणजे आमचे शिपाई. आवाजामुळे सगळं कोर्ट त्यांना भोंगा म्हणतं, आणि त्यांना ते आवडतं. प्रकरण सुरू व्हायच्या आधी दारात उभं राहून दोन्ही बाजूंची नावं तीनदा पुकारायची, हे त्यांचं काम. पुकारा झाला की कोर्ट भरलं. मग जे काय बोलायचं ते सगळ्यांसमोर.

"आत्ता? जेवणाच्या सुट्टीत?" भोंगाकाकांच्या तोंडात घास होता.

"आत्ता. समोरची बाजू नसताना मी एका बाजूचं ऐकत नाही. साहेब घाईत आहेत."

काकांनी घास गिळला, व्हरांड्यात गेले आणि असा पुकारा केला की जिन्यातली कबुतरं उडाली. कँटीनमधून वकील धावत सुटले, एकाचा काळा कोट एकाच बाहीत. ड्रायव्हरची बायको शर्ट छातीशी धरून उठली. सचिव दाराकडे निघाले होते, पण उघड्या दारातून आता माणसंच माणसं आत डोकावत होती.

"चला ना," बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठीच तर कोर्ट भरवलंय."

कोर्टात बाई खुर्चीत बसल्या. मी खाली वही उघडली. वर तारीख टाकली.

"खोलीत मला जे सांगत होतात ते आता सांगा," बाई म्हणाल्या.

"ती... ती सदिच्छा भेट होती."

"सदिच्छेत पुढची तारीख मागतात?"

मागून कुणीतरी हसलं. सरकारी वकील उठले. चेहरा उतरला होता, पण माणूस सरळ. "या भेटीची मला कल्पना नाही, मॅडम. माणूस हजर न करण्याचं कायदेशीर कारण माझ्याकडे नाही."

बाई मला मजकूर सांगू लागल्या. त्यातला एक भाग मला तोंडपाठ आहे: "कायदा सभागृहाने करायचा, सरकारने राबवायचा, आणि तो राबवला की वाकवला हे कोर्टाने पाहायचं. कायदा गैरसोयीचा वाटला तर सरकारने सभागृहात जावं, न्यायाधीशाच्या खोलीत नव्हे. माणूस आज हजर करा. तो येईपर्यंत हे कोर्ट उठणार नाही."

आणि खरंच उठलं नाही. इतर प्रकरणं संपली तरी बाई खुर्चीत, आम्ही जागेवर. पाळणाघर बंद व्हायची वेळ झाली तशी माझी चुळबुळ सुरू झाली. ते बाईंनी पाहिलं. "जा, घेऊन या तिला. इथे रडली तरी चालेल. वकील काय कमी आरडाओरडा करतात?"

मुलगी माझ्या मांडीवर टाचणीची डबी वाजवत होती तेव्हा ड्रायव्हर आत आला. दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही. बायको पुढे झाली नि एवढंच म्हणाली, "अहो, आधी शर्ट बदला."

पकडण्याचं कारण पोलिसांना सांगता आलं नाही. बाईंनी त्याला तिथेच सोडलं. "काही सांगायचंय?"

"माझ्या शेजारच्या कोठडीत आमच्या डेपोतला बस धुणारा आहे," तो म्हणाला. "त्याच्यासाठी अर्ज कोण करणार? त्याला कुणीच नाही."

"तुम्ही सांगितलंत, तोच अर्ज. काका, पुकारा."

तो तिथे नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी काकांनी तीनदा त्याचं नाव पुकारलं, तितक्याच जोरात. दुसऱ्या दिवशी त्याला आणावं लागलं, आणि सोडावंही लागलं. सरकार वरच्या कोर्टात गेलं, तिथेही बाईंचाच आदेश टिकला. पाळणाघर जागच्या जागी आहे. बसचे ब्रेक बदललेत म्हणतात. मी तरी बसमध्ये पुढच्या सीटवर बसून बघत असते.

पण तो बस धुणारा मनातून जात नाही. ड्रायव्हरला बायको होती म्हणून कोर्टाला कळलं. याचं दार कितीतरी दिवस बंद होतं आणि कुणाला खटकलंही नाही. कायदा भक्कम आहे हो, मी रोज पाहते, पण त्याला आधी कळवावं लागतं.

तुमच्याही जिन्यात असा एखादा एकटा राहणारा असेल. शेवटचा कधी दिसला होता, आठवतंय? नसेल आठवत, तर आत्ता उठा आणि त्याचं दार वाजवून या.