लेखिकेची संमती

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बुटकी आणि सतत काहीतरी ओढून नेणारी, म्हणून घरच्यांनी ठेवलेलं, आणि प्रकाशनाच्या कचेरीतही ते कसं कोण जाणे पोचलं होतं. कॉलेज संध्याकाळचं, दिवसभर कचेरी. तीन महिन्यांची तिची उमेदवारी शनिवारी संपणार होती. मग संपादक बाई तिला ठेवून घेणार की गोड बोलून वाटेला लावणार, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आईने मात्र आत्याला सांगूनही टाकलं होतं, की आमची पोरगी आता पुस्तकं काढते.

बुधवारी बाई नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात गेल्या. जाताना एक काम सोपवून गेल्या. एका निवृत्त नर्सबाईंच्या आठवणींचं पुस्तक तीन वाजता मशीनवर चढायचं होतं. छपाई सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यांत होते. अकरा फॉर्मे म्हणजे एकशे शहात्तर पानं, आणि पुस्तक भरलं होतं एकशे सत्त्याहत्तर. एका पानासाठी आख्खा फॉर्मा कोण वाढवणार? एक पान कमी कर, बाई म्हणाल्या, पण लेखिकेला विचारल्याशिवाय एक शब्दही हलवायचा नाही.

पान सापडायला वेळ लागला नाही. सातव्या प्रकरणाच्या शेवटच्या तीन ओळी नव्या पानावर सांडल्या होत्या. त्या काढल्या की काम फत्ते. पण नर्सबाई फोन उचलेनात. मुंगीने सात वेळा लावला. बाईंचा फोन बंद. आजची वेळ चुकली तर मशीन पंधरा दिवस शाळेच्या पुस्तकांत अडकणार, हे मशीनवाल्या काकांनी दोनदा बजावलं होतं. साडेबारा झाले आणि मुंगीचा धीर सुटला. तिने मांडणीवाल्या दादांना ओळी काढायला लावल्या, पानांची फाइल छापखान्यात पाठवली, आणि छपाईच्या आदेशाच्या कागदावर, 'लेखिकेची संमती' या रकान्यात, सुवाच्य अक्षरात लिहिलं: फोनवर मिळाली, अकरा वाजता. खाली सही ठोकली.

सहीचा तो कागद छापखान्यात हातोहात पोचवायचा असे. बसमध्ये मुंगीने मनाची समजूत घातली. तीनच तर ओळी, प्रकरण त्यांच्यावाचूनही नीट संपतं. पण त्या ओळी एव्हाना तिला पाठ झाल्या होत्या, हीच पंचाईत. 'पहिल्याच महिन्यात माझ्याकडून औषधाची बाटली बदलली. वॉर्ड झाडणाऱ्या मावशीने ते ओळखलं, म्हणून रोगी वाचला. त्या मावशीचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही.'

नर्सबाईंचं घर वाटेवरच होतं. दोन थांबे मुंगी नुसती चुळबुळत राहिली, आणि तिसऱ्याला उतरून पळत सुटली.

दार उघडायला वेळ लागला. घरी असताना नर्सबाई कानातलं यंत्र काढून ठेवत. सात फोन त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. यंत्र लावून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यासाठी हात पुढे केला. मग मुंगीने पिशवीतून काढलेल्या छापील पानांत त्याच प्रकरणातला, त्यांना मिळालेल्या पुरस्काराचा परिच्छेद शोधून त्यांनी त्यावर आडवी रेघ ओढली.

"पाच ओळी आहेत. पुरेत ना? मावशी राहू दे."

पुरे होत्या. पण मग त्यांचं लक्ष मुंगीच्या हातातल्या कागदाकडे गेलं. अकरा वाजता, त्यांनी मोठ्याने वाचलं.

"डोस देण्याआधी आम्ही चार्टवर खूण करत नाही," नर्सबाई शांतपणे म्हणाल्या. "तसं करणाऱ्या मुलीला मी वॉर्डातून काढलं होतं. एक रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला आत्ताची वेळ घाल आणि सही कर."

सव्वादोन. मुंगीने तसं केलं. कचेरीतल्या दादांना फोन करून पान दुरुस्त करून घेतलं, नवी फाइल छापखान्यात पाठवायला लावली, आणि पावणेतीनला धापा टाकत छापखाना गाठला. तिथे घोडं अडलं. खाडाखोडीचा कागद मी घेत नाही, काका म्हणाले, तुमच्या बाईंना फोन लाव.

या खेपेला नेमका बाईंनी उचलला. वेळ लिहिताना चुकली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. नर्सबाई काही चुगली करायला जाणार नव्हत्या. मुंगीच्या जिभेच्या टोकावर ते वाक्य येऊन बसलंही होतं.

"बाई, मी त्यांना न विचारताच लिहिलं होतं," ती म्हणाली. मग बाकीचं सांगितलं, ओळींसकट.

मग बाईंनी विचारलं, त्या ओळी आता पुस्तकात आहेत का. आहेत. खोडलेलं वाचता येतंय का. येतंय. काकांना दे, त्या म्हणाल्या.

काका हो, बरं, एवढंच बोलत राहिले. फोन ठेवून त्यांनी कागद खिळ्याला लावला आणि मशीन सुरू केलं. मुंगीला वाटलं, संपलं. आता आत्याला काय सांगायचं ते आईचं आईने बघावं. तरी तिने विचारलंच, बाई काय म्हणाल्या.

"छापा म्हणाल्या." काका तिच्याकडे न बघता शाई तपासत होते. "आणि पुढचे सहा महिने या पोरीच्या सहीवर काही छापायचं नाही म्हणाल्या. कागदावर सही बाईंचीच लागेल, तुझी चालणार नाही."

मुंगी मान खाली घालून उभी राहिली. मग तिने मान वर केली. उमेदवारी तर शनिवारीच संपत होती.

"किती महिने म्हणाल्या?"

"सहा," काका म्हणाले.