काचेतली टोपी

दोन वर्षं झुंबरबाईनं परक्याच्या टोपीला फुलं वाहिली. आता कुणी म्हणेल, पोटच्या पोराची टोपी आईला ओळखू येऊ नये? येईल की. हातात दिली असती तर डोळे मिटूनही ओळखली असती. पण काचेच्या कपाटात, पुसून चकचकीत केलेली, खाली इंग्रजी चिठ्ठी, आणि हात लावायची चोरी. तिथं भल्याभल्यांची फसगत होईल, मग भाजे गावच्या एका विधवा बाईची काय कथा.

तिचा बजरंग लष्करात गेला आणि तिथून विमानात बसला. चालवायला नव्हे. चालवणारा पुढं बसायचा, हा त्याच्या पाठीला पाठ लावून मागं, हातात मशीनगन. "म्होरचा वाट बघतो, आय, मी वैरी बघतो," असं रजेवर आला की सांगायचा. वर थंडी मरणाची, म्हणून डोक्याला चामड्याची टोपी, कानांवर झाकणं, हनुवटीखाली पट्टा. ती घालून तो गावातनं फिरला तेव्हा म्हातारी माणसं पारावर बसून हसली. चामडं पायात घालायची वस्तू, हा गडी डोक्यावर मिरवतोय. झुंबरबाई हसली नाही. तिनं त्या पट्ट्याला एकवीरेचा काळा दोरा बांधून दिला.

बेचाळीस साली ब्रह्मदेशाच्या जंगलात त्याचं विमान पडलं. देह सापडला नाही. अंगावरची नवी टोपी त्याच्याबरोबरच गेली, पण जुनी पेटीत राहिली होती, आणि ती पेटी घरी आली. टोपी, जाड काचांचा चष्मा, कोपरापर्यंतचे हातमोजे. टोपीला आतून अजून त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास येत होता. झुंबरबाईनं ती छातीशी धरली, पोटभर रडली, आणि उठून सरळ देव्हाऱ्यात, पूर्वजांच्या चांदीच्या टाकांशेजारी नेऊन ठेवली.

थोरले दीर भिमाजी घरचे कर्ते. त्यांनी ते पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. चामडं देव्हाऱ्यात? सात पिढ्यांत झालं नाही ते आता व्हायचं? टोपी बाहेर आली. वर त्यांनी आणखी एक ठरवून टाकलं. सर्वपित्रीला पूर्वजांची नावं घेऊन कावळ्याला पान ठेवतात, त्यात बजरंगचं नाव यायचं नाही. देह नाही, दहन नाही, तर पान कशाचं? माणूस सरळ होता, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं.

म्हणजे पोरगं ना देव्हाऱ्यात, ना पानावर. झुंबरबाईला तेच खात होतं. मरण येतं, ते कुणाला चुकलंय? पण नाव उच्चारायला जगात एक जागा नसावी, हे तिच्यानं सोसवेना.

अशात तिला कळलं, लोणावळ्याला कॅप्टन माधवरावांनी आपल्या बंगल्यात लढाईच्या वस्तूंचं संग्रहालय मांडलंय. लोक पाहायला येतात. ती गेली, टोपी पुढं केली आणि एकच विचारलं, "नाव लिवाल का?"

"लिहू की," माधवराव म्हणाले.

पुढच्या सर्वपित्रीला सकाळीच ती सोनकीची पिवळी फुलं घेऊन मळवली स्टेशनावरनं आगगाडीनं गेली. कपाटात टोपी होती. काळा दोरा नव्हता. साफसफाईत काढला असंल, म्हणून तिनं मनाची समजूत घातली, कपाटापुढं फुलं ठेवली, बजरंगचं नाव घेतलं आणि परत आली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

तिसऱ्या वर्षी तिथं वस्तू सांभाळायला गंगाधर नावाचा नवा माणूस होता. त्यानं फुलं पाहिली आणि सहज विचारलं, "मावशी, हे तुमच्या ओळखीचे होते का?"

"माजा ल्योक."

गंगाधर गडबडला. चिठ्ठीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. "मावशी, ही डेव्हिस साहेबाची टोपी आहे. वैमानिक होता, वायव्य सरहद्दीवर पडला. दहाएक वर्षं झाली असतील."

झुंबरबाईनं काचेला नाक लावून टोपी पुन्हा पाहिली. म्हणाली, "मग माजी कुटं हाय?"

मागच्या कोठीत लोखंडी ट्रंका होत्या. लोणावळ्याचा पावसाळा भिंतीसुद्धा हिरव्या करतो, तिथं ट्रंकेची काय गत. गंगाधरानं एकेक उघडली. तिसरीत वरती कुणा साहेबांचे उंच बूट होते, जोडच्या जोड, आणि बुटांच्या खाली दबलेली, पांढऱ्या बुरशीनं माखलेली टोपी. पट्ट्याला काळा दोरा तसाच होता.

बूट. तिच्या लेकराच्या डोक्यावर बूट. झुंबरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिचा चढलेला आवाज ऐकून माधवराव आले. वाईट माणूस नव्हता हो, पण वाईट वागायला माणूस वाईटच असावा लागतो थोडाच? ते समजुतीनं म्हणाले, "बाई, कपाट एक आहे. लोकांना विमान चालवणाऱ्याचं कौतुक असतं. मागं बसणाऱ्याची टोपी कोण बघतो?"

"म्होरचा पडला तवा मागचा काय खाली उतरून घरी आला व्हय?"

माधवरावांनी ट्रंकेचं झाकण लावलं.

"नाव लिवतो म्हनला हुता तुमी. माज्या तोंडावर म्हनला हुता."

"लिहायचं राहून गेलं. लिहू आता."

"नगं. दोन वर्सं मी त्या सायबाला फुलं वाहिली. त्याची आय सातासमुद्रापल्याड, तिच्या वाटणीचं मी केलं, त्याचं मला काय बी वाटत न्हाई. पर माज्या लेकराला तुमी बुटाखाली घातलं. टोपी मी नेनार."

"नेता येणार नाही. इथं दिलेली वस्तू संग्रहालयाची झाली. गंगाधर, घे ती टोपी."

गंगाधर जागचा हलला नाही, पण माधवराव स्वतः पुढं झाले. तेव्हा झुंबरबाईनं काय करावं? पदरानं टोपीची बुरशी पुसली, आणि डोक्यावरच्या पदरावरून ती सरळ डोक्यात घातली. पट्टा हनुवटीखाली ओढला.

"घ्या," ती म्हणाली. "घ्या काढून."

आता कुणाची छाती आहे? रांडाव बाईच्या डोक्याला, पदराला हात घालायचा, तोही भर दिवसा, आपल्याच नोकरासमोर? माधवरावांचा पुढं केलेला हात तसाच राहिला, मग मागं गेला. लढाया बघितलेला माणूस, पण ही लढाई त्यांना कुणी शिकवली नव्हती.

झुंबरबाई निघाली. जाताना कपाटापाशी थांबली, खाली पडलेली सोनकी उचलून पुन्हा नीट ठेवली. गंगाधराला विचारलं, "काय म्हनलास याचं नाव?"

"डेव्हिस."

"डेविस," तिनं घोकलं.

बाजारातून ती तशीच गेली. लोक वळून बघत होते. भाजीवाल्या तोंडाला पदर लावून हसल्या, एक टांगेवाला "विमान कुठं ठेवलं, मावशी?" म्हणाला. "तुज्या घोड्याला भितंय म्हनून लांब ठिवलंय," ती म्हणाली आणि चालू लागली. गाडीत बायका सरकून बसल्या. तिला मोकळी जागा मिळाली, ती ऐसपैस बसली.

घरी भिमाजी अंघोळ करून पानाच्या तयारीत होते. वडे, खीर, भात, सगळं वाढलेलं. भावजय दारात उभी, डोक्यावर ती टोपी. इतक्या वर्षांत दिरासमोर तिनं तोंड वर केलं नव्हतं. आज केलं. टोपी काढली, त्यांच्या देखत आत गेली आणि देव्हाऱ्यात टाकांशेजारी ठेवली.

"झुंबर, चामडं हाय त्ये."

"व्हय, चामडंच हाय. हिरीवरची मोट कशाची हाय, भावजी? त्या मोटंचं पानी तुमी देवाला घालता. द्येवीच्या गोंधळात संबळ वाजतं, त्ये काय तांब्याच्या पत्र्यानं मढवलंय? द्येवाला त्ये चालतं. माज्या पोराच्या डोस्क्याचंच तेवढं इटाळतंय व्हय?"

मोटेच्या चामड्याला करंजाचं तेल लावायला भिमाजी स्वतः बसायचे, बोटं काळी होईस्तोवर. त्यांचा आवाज चढला. "टोपी तितं ऱ्हायली तर मी आज पान ठेवणार न्हाई."

"नका ठिवू."

असं म्हणून तिनं पान उचललं. बाईमाणसानं, तेही विधवेनं. परसात जाऊन गोठ्याच्या कौलांवर पान ठेवलं आणि नावं घ्यायला लागली. सासरे, आजेसासरे, नवरा. भिमाजी दारात येऊन थांबले. आवाज कुठं अडखळतो, याची ते वाट बघत असावेत. तो अडखळला नाही.

"बजरंग," ती मोठ्यानं म्हणाली. शेजारच्या परसातली बाई बाहेर आली, तरी पुन्हा म्हणाली, "बजरंग."

मग मागं न बघता म्हणाली, "भावजी, आनखी एक पान लागंल."

"कुनाला?"

"डेविसला. दोन वर्सं माज्या लेकराचं नाव त्यानं आयकून घेतलं, आन् त्याचं नाव मी एकदाबी घ्येतलं न्हाई."

"गोऱ्याला? आपल्या पितरांत?"

"गोरा असंल न्हाईतर काळा. काचंत बसून कुनाचं प्वाट भरतं?"

भिमाजी आत वळले. झुंबरबाईला वाटलं, आता टोपी येते बाहेर. तिनं पदर खोचला, यायचीच असेल तर तीही तयार होती.

भिमाजी बाहेर आले. हातात पत्रावळ होती, वर एक वडा आणि भाताची मूद. तिच्याकडं न बघता त्यांनी ती पुढं केली आणि विचारलं, "काय नाव म्हनलीस?"