पारीवरची परीक्षा

"किस्नाभाऊ, तुडूम खोलून राहिले का जी? मी फावडं घेऊनच आलो."

दादाजी धापा टाकत तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर चढला. त्याच्यामागे आणखी दोघे, तेही फावडी खांद्यावर टाकून. कृष्णरावांनी घाईघाईने मोबाइल सदऱ्याच्या खिशात कोंबला. खिशातून एक बाई गोड आवाजात 'प्रवाहमापनाच्या पद्धती' सांगतच होती. त्यांनी वरून तळहात दाबून धरला.

"नाई जी. अजून पान्याची पाळी सुरू नाई झाली. मी असाच उभा हाओ."

"असाच?" दादाजीने बाकीच्यांकडे पाहिलं. "पाटकरी पारीवर असाच उभा राहते का?"

दादाजीचंही चुकत नव्हतं. सानगडीजवळच्या त्या गावात तलावाचं पाणी शेतांना वाटायचं काम कितीतरी वर्षं कृष्णरावांकडे होतं. ते तुडुमापाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी उभे दिसले की पाळी सुरू होणार, हे गावाला कळायचं. दवंडी लागत नसे की निरोप लागत नसे. आणि नेमकं मोबाइलचं नेटवर्क साऱ्या गावात फक्त तिथेच येत होतं. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं.

यंदा पाणी वापर संस्थेला वरून हुकूम आला होता. पाटकऱ्याने मोबाइलवर प्रशिक्षण घ्यावं, शेवटी परीक्षा द्यावी. पास झाला तरच दार त्याच्या हाती, नाहीतर दुसरा माणूस. संस्थेचा सचिव भुपेंद्र चांगला पोरगा. त्याने दोनदा समजावून सांगितलं.

"सोपं हाय काकाजी. व्हिडिओ पाहाचे, प्रश्न आला का बटन दाबाचं. फक्त मधात बंद नका करू. नाईतर पुन्हा पहिल्यापासून पाहा लागते."

सगळी मेख त्या 'मधात'मध्ये होती. कृष्णराव पारीवर जाऊन उभे राहिले की कोणीतरी फावडं घेऊन हजर. आलेल्या माणसाला पाठ दाखवून मोबाइलमध्ये डोकं घालणं त्यांना जन्मात जमलं नसतं. मोबाइल खिशात जायचा आणि बाई पुन्हा नमस्कारापासून सुरू व्हायची. पहिला धडा त्यांना आरतीसारखा पाठ झाला. पुढच्या धड्यांशी गाठ पडायला फार दिवस गेले.

खरं सांगून टाकलं असतं तर? पण सांगायचं काय? अख्ख्या गावाला पाणी वाटणाऱ्या माणसाला आता मोबाइलमधली बाई पाणी शिकवते, हे पानठेल्यावर महिनाभर पुरलं असतं. ते गप्प राहिले आणि पानठेल्याने स्वतःच अर्थ लावला. किस्नाभाऊ पारीवर उभा राहून वरच्या शेतवाल्यांशी फोनवर सौदा करते, म्हणे. हे कानावर आलं त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. काम जाण्याची भीती होतीच. आता नावही चाललं होतं.

परीक्षा तीनदाच देता यायची. पहिल्या वेळी नेटवर्क गेलं. दुसऱ्या वेळी दादाजी आला. शेवटच्या दिवशी त्यांनी भर दुपार गाठली. जेवणवेळेला पारीवर कुत्रंही फिरकत नाही, असा त्यांचा हिशेब.

मोबाइलने आधी त्यांचा चेहरा पाहून घेतला. पहिला प्रश्न आला, आणि काचेवर ऊन असं पडलं की अक्षरं दिसेनात. त्यांनी मोबाइल वाकडा केला, डोळे बारीक केले, अंदाजाने एक बटण दाबलं.

"काहून उन्हात उभे जी, भाऊ?"

सत्यभामाबाई होत्या. एकट्या बाई, पाटाच्या अगदी टोकाला धानाच्या दोन बांध्या, एवढंच शेत. पाऊस दडी मारून बसला होता आणि धान गर्भावर आला होता. या आठवड्यात पाणी मिळालं नाही तर सारी पोचट कणसं.

त्या इतक्या सरळपणे विचारत होत्या की कृष्णरावांना खोटं बोलवेना.

"परीक्षा देऊन राहिलो, बाई. आजची शेवटची. पास नाई झालो त माह्या हातून काम जाते. पर उन्हानं दिसूनच नाई राहिलं."

बाई हसल्या नाहीत. तशाच त्यांच्याजवळ आल्या, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी पसरून मोबाइलवर धरला आणि स्वतःही वाकल्या.

"आता वाचा. मी धरून राहतो."

सावलीत अक्षरं लख्ख दिसली. कृष्णरावांना फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांत त्यांच्या बाजूने कोणीतरी उभं राहिलं होतं. त्यांनी दोन प्रश्न वाचले, बटणं दाबली. पुढच्या प्रश्नाला काच लाल झाली. 'दुसरी व्यक्ती आढळली. परीक्षा रद्द.'

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. बाई अजून पदर धरून होत्या; हात दुखत असतील तरी हलल्या नव्हत्या.

"झालं का जी?"

"झालं," कृष्णराव म्हणाले आणि मोबाइल खिशात ठेवला.

सोमवारी निकेशने, गावातल्याच एका पोराने, नवा पाटकरी म्हणून पाणी सोडलं. साकोलीला काकाकडे बसून त्याने परीक्षा एका दमात दिली होती. आदल्या सांजेला येऊन कृष्णरावांच्या पाया पडून गेला, "राग नका मानू काकाजी," म्हणाला. राग कोणावर मानायचा, हेच त्यांना कळत नव्हतं.

पाणी सुटून दोन दिवस झाले तरी टोकाला पोचलं नाही. वरच्यांनी जागोजागी पाट फोडला होता. पूर्वी कृष्णराव पाटाने नुसते चालत गेले तरी लोक आपला फोडलेला भाग बुजवून घ्यायचे. आता त्यांनी कोणत्या तोंडाने सांगावं? भुपेंद्रकडे गेले, तर तो म्हणाला, "निकेशले सांगतो." निकेश म्हणाला, "सांगून पाहतो."

शेवटी ते सत्यभामाबाईंच्या बांधीवर गेले. जमिनीला भेगा पडू लागल्या होत्या. बाई फावड्याने पाण्याची वाट मोकळी करत होत्या. त्यांना पाहून थांबल्या.

"तुमाले काढलं म्हंते. काहून नापास झाले जी? मी त चांगली सावली धरली होती."

कृष्णरावांनी मान खाली घातली.

"सावली चांगलीच होती, बाई. माहे डोळेच गेले कामातून. वाचता नाई आलं."

बाई हळहळल्या. मग फावडं टेकवून विचारलं, "पानी येईल ना जी?"

हा प्रश्न त्यांना आयुष्यभर लोकांनी विचारला होता आणि दर वेळी त्यांनी हो किंवा नाही असं रोखठोक उत्तर दिलं होतं. पाण्याची वाट पाहायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"पाहू," ते म्हणाले.

आणि दोघेही बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभे राहून कोरड्या पाटाच्या वरच्या अंगाला बघत राहिले.