अजून दार राहिलंय

भंगाराच्या दुकानात पंख्यांच्या ढिगाखाली तो कॉम्प्युटर दिसला आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या भाऊंचा जीव हरखला. लहानपणी बाबांनी घरी अगदी असाच आणला होता.

भाऊंनी तो घरी नेऊन उघडला. आतली धूळ झटकली, फुगलेले कपॅसिटर बदलले, कीबोर्डच्या कळा एकेक काढून धुतल्या. मग थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं.

बटण दाबताच काळ्या पडद्यावर हिरवी रेघ लुकलुकू लागली.

"मला मेलीला काय आठवतंय आता!" म्हणत ताई खुर्चीत टेकली खरी, पण बोटं आपोआप चालू लागली. शाळेत असताना तिनं लिहिलेला, घराचं चित्र काढणारा प्रोग्रॅम ओळीमागून ओळ उतरत गेला. पडद्यावर भिंती उभ्या राहिल्या, वर छप्पर चढलं. ताईचे डोळे भरून आले.

"अगं, दार कुठंय?" भाऊंनी विचारलं.

"तेव्हाही राहिलंच होतं. त्याआधीच बाबांनी कॉम्प्युटर विकला ना!"

"मग काढ की आता. कोण अडवतंय?"

ताईनं डोळे पुसले, चष्मा सावरला आणि ती पुन्हा कळांवर वाकली. संध्याकाळपर्यंत घराला दार झालं. जरासं वाकडं होतं, पण दोघंही त्याच्याकडे बघत कितीतरी वेळ बसून राहिले.