माघारी वळणाऱ्या रेषा

बारकीचे डोळे चुरचुरायला लागले होते. सकाळपासून ती लॅपटॉपवर चित्रं बघत होती आणि चित्रं काही संपायचं नाव घेत नव्हती. सगळी एकाच आईची लेकरं. एका चित्रकाराने चित्रं काढणारा संगणकाचा प्रोग्राम लिहिला, ब्लॉकचेनवरच्या मंचावर चढवला, आणि ज्याने ज्याने चित्र मागितलं त्याला त्या प्रोग्रामने आपल्या मर्जीने एकेक काढून दिलं. कुणाला निळं, कुणाला तांबडं, कुणाला नुसताच गुंता. काय निघेल ते चित्रकारालाही ठाऊक नसायचं; पण एकदा निघालेलं चित्र उघडलं की प्रोग्राम तेच पुन्हा रेघ-रेघ काढून दाखवायचा. आणि ब्लॉकचेनवर नोंदलेलं पुसता येत नाही, म्हणून एकदा चढवलेल्या प्रोग्रामची एक ओळही त्याला पुन्हा बदलता यायची नाही. मालेचं नाव होतं ‘झुळूक’.

बारकी काही लहान नव्हती. कानशिलावर पांढरे केस डोकावत होते. पण थोरल्या बहिणीच्या गॅलरीत काम करायचं म्हटल्यावर घरातलं नाव मागोमाग आलंच. आजवर ताईने निवडायचं आणि बारकीने भिंतीला खिळे ठोकायचे. या प्रदर्शनाला पहिल्यांदाच ताई म्हणाली होती, “यातलं मला काही कळत नाही बाई. मोठ्या पडद्यावरचं मुख्य चित्र तू निवड. तुझी नजर, तुझं नाव.” त्या एका वाक्याची बारकीने किती वर्षं वाट बघितली होती.

आणि आता तीच ताई पाठीशी उभी राहून म्हणत होती, “अगं, दुर्मीळ कुठलं ते बघ आणि घे की! मंचाने क्रमच लावून दिलाय. सोनेरी सगळ्यात कमी वेळा आलंय.”

“मामाचं खरं बोलणंही दुर्मीळ असतं. लावतेस का त्याला भिंतीवर?”

“जिभेला धार आहे तेवढी नजरेला असली म्हणजे झालं,” म्हणून ताई फणकाऱ्याने चहा ठेवायला गेली.

तेवढ्यात ते आलं. राखाडी, साधं, क्रमात पार तळाला पडलेलं. पांढऱ्यावर राखाडी रेषा डावीकडून निघाल्या. हळू निघाल्या, झुलत निघाल्या, आणि उजव्या कडेपाशी पोचताच एकेक करून माघारी वळल्या. दारापर्यंत यावं, कडीला हात लावावा, आणि न वाजवताच परत फिरावं, तशा. बारकीने चित्र पहिल्यापासून सुरू केलं. तिने पुन्हा बघितलं. पुन्हा वळल्या.

“हे,” ती म्हणाली.

“हे?” ताई कप घेऊन वाकली. “भिंतीला पोपडे आल्यासारखं?”

पण शब्द दिला होता, ताईने तो पाळला. छापील प्रती लावाव्यात हा तिचा हट्टही बारकीने आधीच मोडून काढला होता. निमंत्रणपत्रिकेवर मोठ्या अक्षरांत छापून घेतलं होतं: फोटो नाही, छापील प्रत नाही, इथे प्रत्येक चित्र प्रोग्राम तुमच्या डोळ्यांदेखत काढेल.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भिंतभर पडदा लागला. बारकीने चित्र सुरू केलं. रेषा निघाल्या, हळू निघाल्या, झुलत निघाल्या, आणि भिंतीच्या मध्यावर येऊन थकल्या. तुटलेल्या दोऱ्यांसारख्या तिथेच लोंबकळल्या. उजवी बाजू कोरी.

“वळतात कुठे?” ताईने विचारलं.

बारकीने चित्रकाराला फोन लावला.

“मॅडम, ती माझी चूक,” तो ओशाळून म्हणाला. “प्रोग्राम आधी पडद्याची रुंदी विचारतो. रेषांची लांबी मात्र मी ठरवून टाकलेली. लहान पडद्यावर त्यांना कड आडवी येते, म्हणून त्या वळतात. मोठ्यावर कडेपर्यंत पोचतच नाहीत.”

“मग दुरुस्त करा ना!”

“आता ते कुणाच्याच हातात नाही हो. पण वळतात म्हणता? मी कधी बघितलंच नाही. माझा पडदा मोठाय.”

म्हणजे ज्याच्यावर तिचा जीव जडला, ते चित्र तिच्या जुन्या, बिजागरी मोडलेल्या लॅपटॉपवरच होतं.

“फोटो काढ आणि तो मोठा करून लाव,” ताई म्हणाली. “कोण बघायला येतंय?”

“पत्रिकेवर काय छापलंय?”

“तूच छापलंयस!”

“तेच तर ना!” बारकी कडाडली आणि पडद्याकडे पाठ करून खुर्चीत बसली. आपणच धोंडा उचलला, आपणच नेमका पायावर टाकला.

शेवटी मोठ्या पडद्यावर ताईचं सोनेरीच झळकलं. बारकीने हट्टाने आपला लॅपटॉप कोपऱ्यात एका स्टुलावर मांडला. खाली नावाची पट्टी लावली, अगदी सरळ.

दुसऱ्या दिवशी लोक आले. सोनेरीसमोर उभे राहून एकमेकांचे फोटो काढू लागले. लॅपटॉपकडेही पुष्कळ आले. पहिल्या बाईंनी विचारलं, “हजेरी इथेच लावायची का?” दुसऱ्याने वायफायचा पासवर्ड मागितला. तिसऱ्याने काही न विचारता आपलं नाव टाइप करायला घेतलं आणि कुठलंसं बटण दाबलं जाऊन चित्र बंद पडलं. बारकीने ते पुन्हा सुरू केलं. ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली. मग लोक थांबायचे, चिठ्ठी वाचायचे, पुढे जायचे. तिने चिठ्ठी टरकावून काढली.

ताई सरबताचा ग्लास घेऊन आली. “बस की जरा. सकाळपासून त्याची राखण करतेयस.”

“तू एकदा तरी नीट बघितलंस का?”

“पाहुणे आलेत गं...”

“एकदा.”

ताईने ग्लास स्टुलावर ठेवला. बारकीने घाईघाईने तो उचलला आणि चित्र सुरू केलं. जुन्या यंत्राचा पंखा घरघरला. रेषा निघाल्या, हळू निघाल्या, झुलत निघाल्या. कडेपाशी आल्या.

“ताई!” सोनेरीकडून कुणीतरी हाक मारली, आणि ताईने मान वळवली. हात हलवला, हसली, ‘आलेच’ म्हणाली. मान परत आणली तोवर पडदा शांत झाला होता.

“झालं का?”

“झालं.”

ताई निघाली. बारकीने तिच्या मनगटाला धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं, गच्च.

“थांब,” ती म्हणाली आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. “पुन्हा काढायला लावते.”