मायाचा मूळ फोटो

शिरूरला विनोदच्या फोटो स्टुडिओत ललिता सकाळी संगणकासमोर बसली, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत चेहरे गोरे करी. साडीच्या दुकानाची जाहिरात असो, वाढदिवसाचा फ्लेक्स असो की लग्नाचा बायोडाटा, कुणी सांगायचीही गरज नसे. हात आपला चाले. मन कशात लागत नसे, आणि तेच तिला बरं वाटे.

त्या दिवशी कारेगावच्या सिंधूबाई आल्या. त्यांची लेक माया कंपनीत कामाला होती, ती तापाने गेली. जलदान विधीसाठी मोठा फोटो हवा होता. ललिताने जुना बायोडाटाचा फोटो शोधून पडद्यावर लावला.

सिंधूबाई बघत राहिल्या. "ही माझी माया न्हाई."

"तीच हाय, मावशी. मीच केला व्हता हा फोटो."

"नाक तेवढं तिचं हाय. गोरा करायच्या आधीचा आसंल की तुमच्याकडं. त्यो द्या."

तो नव्हता. ललिताने मूळ फोटोवरच हात फिरवून तोच सेव्ह केला होता. सावळ्या फोटोची पुन्हा गरज कुणाला पडणार होती?

"घरात दुसरा न्हाई का?"

"मोबाइलमधी हायेत, पर त्यो मोबाइलच गोरं करतोय. आधार कार्डावर तर माणूस हाय का भूत, कळत न्हाई. आन् खुटबावचं पाव्हणं येऊन गेल्यापासनं तिनं फोटोच काढू दिला न्हाई."

त्या पाहुण्यांनी भर बैठकीत बायोडाटा मायाच्या गालाशी धरला होता. "पोरगी हीच ना?" असं विचारून सगळे हसले होते. माया पोह्यांचा ट्रे हातात घेऊन उभी होती. तेव्हापासून ती घरातसुद्धा तोंडावरचा स्कार्फ सोडेना.

"जरा गोरी करा, आसं मीच सांगितलं व्हतं तुमाला," सिंधूबाई म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत. आपलेच दात, आपलेच ओठ. बोल लावायचा कुणाला?

ललितालाही रडू आलं नाही. आपल्याला काहीच होत नाही, याचीच तिला भीती वाटली. तिने शेजारी खुर्ची ओढली. "बसा, मावशी. कशी व्हती ते सांगा."

चेहरा सावळा करायचं काम तिने आजवर कधी केलंच नव्हतं. "आजून काळी," सिंधूबाई म्हणत. "आजून." शेवटी ललिताने त्यांच्याच हाताचा फोटो काढला आणि तो रंग मायाच्या चेहऱ्यावर चढवला.

"हितं गालावर डाग व्हता. ल्हानपणी उकळतं दूध सांडलं व्हतं."

आपणच पुसलेला डाग ललिताने पुन्हा काढला. सिंधूबाईंनी पदराने पडदा पुसला आणि हात तिथेच ठेवला.

मागून विनोद आला. "अगं, फ्लेक्सवर आजून काळं दिसंल. जरा उजळ कर."

"उजळ करून एकदा घालवली, भाऊ," सिंधूबाई म्हणाल्या. "आता ऱ्हाऊ द्या."

दुपारी एक शेतकरी बाप लेकीचा फोटो घेऊन आला. लेक दारात उभी होती. "जरा गोरी करा, ताई. सोयरीक बघतोय."

ललिताचा हात सवयीने माउसवर गेला आणि थांबला. "मी न्हाई करणार, आप्पा."

"का वं?"

"ती हाय तशी ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ."

"ललिता, गिऱ्हाईक चाललंय," विनोद ओरडला.

"मग तुमी करा. माझ्या हातनं व्हायचं न्हाई. ठेवायचं तर ठेवा, न्हाईतर उद्यापासनं येत न्हाई." बोलता बोलता कितीतरी दिवसांनी तिचे डोळे भरून आले.

बाप फोटो घेऊन शेजारच्या दुकानात गेला. शिरूरात स्टुडिओंना काय तोटा! पोरगी मात्र जाता जाता वळून ललिताकडे बघत होती.

वाचकहो, पेपरची ही पुरवणी बाजूला ठेवा आणि मोबाइल उघडून बघा. तुमच्या लेकीचा, तिच्या स्वतःच्या रंगातला, एक तरी फोटो तुमच्याकडे आहे का?