कमरेचा दोर

दोर कमरेला करकचून आवळला आणि धुरपताबाई फळीवरून उचलली जाऊन नावेच्या काठावर आदळली. बरगडीत काहीतरी कटकन वाजलं. नाकातोंडात धरणाचं पाणी गेलं. खताच्या पोत्यांचं शिवलेलं शीड टम्म फुगलं होतं, बांबूची डोलकाठी वाकून चरचरत होती. आणि त्या शिडाचा दोर तिच्या कमरेला बांधलेला होता.

तिचा नवरा सटवाजी जन्मभर असाच बांधायचा. "दोर कमरेला, वल्हं हातात," म्हणायचा. वारा वाढला की नुसतं अंग मागं टाकायचा, शीड मुकाट ताब्यात यायचं. पण सटवाजी रेड्यासारखा भरलेला गडी. धुरपता म्हणजे तुराटी. हा फरक सकाळी तिच्याही ध्यानात आला नव्हता, त्याच्याही.

पोळ्याच्या सुमाराला लकव्यानं त्याचं डावं अंग गेलं. तेव्हापासून त्याचा धाकटा भाऊ लिंबाजी खेटे घालत होता, नाव मला देऊन टाका म्हणून. वल्ही मारत धुरपता जवळच्या पाण्यात जाळी टाकायची, पण तिथं मासळी उरली नव्हती. पलीकडच्या खोल पाण्यात जायचं तर शीड पाहिजे. आज सकाळी तिनं ते नावेत टाकलं, तेव्हा लिंबाजी काठावर दात कोरत उभा होता.

"वैनी, शीड म्हंजी काय लुगडं वाळू घालायचंय का?"

"वाळू घालीन न्हाईतर पांघरून झोपन. तुला काय करायचंय?"

"अन् बुडवली म्हंजी?"

"बुडवली तर दोघं भाऊ मिळून रडा. वापस आणली तर पुन्ना ह्या कामाला माज्या दारात यायचं न्हाई. हाय कबूल?"

"कबूल," लिंबाजी हसला.

सटवाजी काठावर टाकलेल्या बाजेवर बसला होता. त्यानं तिला जवळ बोलावलं, दोर तिच्या कमरेभोवती घेतला आणि एका हातानं, दातांनी ओढून ओढून गाठ मारून दिली.

खोल पाण्यात येताना आभाळ कोरडं ठणठणीत होतं. जाळी ओढून झाली होती, टोपलं भरलं होतं. तेवढ्यात डोंगरामागून तांबड्या धुळीची भिंत उठली आणि कुणी पाठीत लाथ घालावी तसा वारा नावेवर पडला.

आता नाव एका अंगावर झाली होती. काठावरून पाणी भळाभळा आत येत होतं. गाठ सुटेना, ती भिजून दगड झाली होती. प्रत्येक झोताला दोर तिला काठापलीकडं खेचत होता. एक पाय फळीखाली अडकवून तिनं हात लांब केला. मासे चिरायची सुरी बोटांना लागली, निसटली, पुन्हा लागली. दोर दातओठ खाऊन कापला.

शीड सुटलं ते पिसाळल्यासारखं. तुटलेलं टोक आसुडासारखं फिरलं आणि तिच्या तोंडावर बसलं. ओठ फाटला. रक्त थुंकत ती वल्ह्याकडं सरकली, पण शीड सुटताच नावेचा जोर गेला होता. ती लाटांना आडवी झाली. एक लाट आत आली, टोपलं घेऊन गेली. दुसरी आली. तिसरी आली असती तर नाव खाली बसली असती.

वल्ह्यानं हे निभणार नव्हतं. शीडच पाहिजे होतं.

ती उठली. फटके मारणारं ते टोक तिनं दोनदा धरायला पाहिलं, दोनदा मार खाल्ला. तिसऱ्यांदा त्यावर पोटानं पडली. मग नवऱ्यानं कधी केलं नव्हतं ते केलं. दोराचा एक वेढा आडव्या फळीला दिला आणि टोक मुठीत ठेवलं. वल्हं काखेत दाबून नाव वळवली. झोत आला की सोडायचं, ओसरला की ओढायचं.

"ये! ये, भाड्या!" ती वाऱ्यावर ओरडली.

दोर तळहातातून सरकला तो कातडी सोलत. तिनं सोडला, पुन्हा धरला. शिडातली दोन पोती टरकन फाटून उडाली. उरलेल्यांनी नाव काठाकडं ओढली.

लिंबाजी धावत छातीइतक्या पाण्यात शिरला.

"वैनी, हात द्या!"

"नाव धर. मला नको धरू."

त्यानं नाव धरली.

सटवाजी बाजेवरून पडून खरडत पाण्याच्या कडेला आला होता. तोंडभर माती होती. तिच्या कमरेला अजून दोराचा वेढा होता, पुढं तुटकं शेपूट लोंबत होतं. त्यानं ते मुठीत धरलं.

"म्या..." जड जिभेनं तो म्हणाला, "म्या बांदली."

"लय पक्की बांदली," ती म्हणाली. "सोडा आता."

तो गाठीशी झटू लागला. बोटं घसरत होती. लिंबाजी कोयता घेऊन आला.

"सरक दादा, कापून टाकतो."

"तू नाव बांध," धुरपता म्हणाली.

वारा अजून झोडपतच होता. सोललेले हात अंगापासून लांब धरून ती ताठ उभी राहिली. सटवाजीनं डोकं तिच्या पोटाला टेकवलं आणि गाठ दातांत धरली.